तीन भागांची कादंबरी: दुसरा भाग सोडून तिसरा वाचला तर चालेल का? (आणि मराठीत असं काय आहे?)

मेपलपान
नमस्कार मंडळी. मी इथे एरवी वाचनमात्र असते पण आता एका ठिकाणी अडलेय म्हणून धागा काढतेय. आधी असा धागा येऊन गेला असेल तर लिंक द्या, ओरडू नका.

रॉबर्टसन डेव्हीज या कॅनेडियन लेखकाची 'फिफ्थ बिझनेस' (१९७०) नुकतीच वाचून संपवली. ऑफिसमधले रिटायरमेंटला आलेले एक गृहस्थ मागेच लागले होते की ओंटारिओत राहतेस आणि हे वाचलं नाहीस म्हणजे काय. तीन कादंबऱ्या आहेत, डेप्टफर्ड ट्रिलजी म्हणतात. दुसरी 'द मँटिकोर' (१९७२), तिसरी 'वर्ल्ड ऑफ वंडर्स' (१९७५).

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेप्टफर्ड नावाचं लहानसं गाव, २७ डिसेंबर १९०८ ची संध्याकाळ. दोन पोरांचं भांडण झालंय, पर्सी स्टॉंटन हा पैसेवाल्या घरातला पोरगा बर्फाचा गोळा फेकतो, डनस्टन रॅमसे तो चुकवायला रस्त्याने चाललेल्या पाद्री नवराबायकोच्या आडोशाला उडी मारतो आणि गोळा बसतो त्या बाईच्या डोक्यात. मेरी डेम्पस्टर तिचं नाव, पोटुशी असते. गोळ्यात दगड लपवलेला होता. मूल दिवस भरायच्या आधीच जन्मतं, पॉल, आणि ती बाई मनाने जी हलते ती कायमची. पर्सी हे सगळं विसरून मोठा माणूस होतो. डनस्टन म्हातारा होईपर्यंत तो दगड टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवतो! पहिलं पुस्तक त्याच्याच तोंडून आहे. एका साध्या शाळामास्तरचं आयुष्य, पण मी रात्री दोनपर्यंत जागून वाचलंय.

प्रश्न दोन. एक, लायब्ररीत मँटिकोरला भली मोठी रांग आहे आणि वर्ल्ड ऑफ वंडर्स लगेच मिळतंय, तर दुसरं सोडून तिसरं वाचलं तर चालेल का? दोन, मराठीत अशा एकमेकांत गुंतलेल्या, माणूस स्वतःला शोधतोय टाइप कादंबऱ्या कोणत्या? आईला पण सुचवायच्या आहेत.

निर्विकार
क्रमानेच वाचा. लायब्ररीच्या रांगेत उभं राहून अजून कोणी मेलेलं नाही.

पंचगंगा
ते सगळं ऱ्हाऊ दे, तो पर्सी मोठा होऊन काय हुतो? पैसेवाल्याचं पोरगं म्हंजे आमदार तरी नक्की.

मेपलपान
@पंचगंगा, साखर कारखानदार होतो, खरंच! बाप डॉक्टर असतो पण प्रॅक्टिसपेक्षा जमिनी घेण्यात हुशार, शुगर बीट लावतो, आणि मुलगा त्यातून साखरेचं साम्राज्य उभं करतो. नाव बदलून बॉय स्टॉंटन होतो. शेवटी त्याला ओंटारिओचा लेफ्टनंट गव्हर्नर करायचं ठरतं, म्हणजे आपल्याकडचं राज्यपालपद.

पंचगंगा
हसून हसून पुरेवाट. साखर, राज्यपालपद आणि पोटात दाबून ठेवलेलं जुनं प्रकरण. ह्यो गडी आमच्याच पट्ट्यातला हाय, पासपोर्ट तपासा त्याचा. नुसतं चेअरमनसाहेब म्हणायचं ऱ्हायलंय.

वऱ्हाडी_ठेचा
बीटाले भाव काय देऊन राहिला होता ते सांगा पयले, मंग वाचतो.

खानदेशी_भरीत
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच आणि ते कोणीतरी लिहिणारच म्हणून मीच लिहितो: नेमाड्यांचं चांगदेव चतुष्टय. बिढार, हूल, जरीला, झूल, याच क्रमाने. १९७५ ते ७९ च्या दरम्यान आल्या. त्यांची पहिली कादंबरी कोसला सगळ्यांनी वाचलेली असते (किंवा वाचल्यासारखं दाखवता येतं), या चौघींपर्यंत फार थोडे पोचतात.

चांगदेव पाटील आमच्याकडचा, खानदेशातला. मुंबईत शिकतो, लिटल मॅगझिनवाल्या मित्रांच्या गराड्यात राहतो, तब्येतीची सतत धास्ती, आणि मग सगळं सोडून आडगावच्या कॉलेजात इंग्रजीचा लेक्चरर होतो. पुढे प्रत्येक कादंबरीत नवं गाव, नवं कॉलेज, नवी भाड्याची खोली, नवे संस्थाचालक, नव्या जातवार टोळ्या. तुमच्या साहेबी नायकासारखं त्याच्यावर एकदाच काही आदळत नाही. रोज थोडं थोडं आदळतं. स्टाफरूममधला चहा, पगाराच्या दिवशीची कुजबुज, कोण कोणाचा माणूस आहे हे हुंगत बसलेले सहकारी. यातून माणूस कसा उरतो ते बघायचं असेल तर चारही सलग वाचा.

मी तासिका तत्त्वावर शिकवायचो तेव्हा वाचल्या. एका संस्थेत (नाव नको) वर्षाच्या शेवटी मानधनाच्या कागदावर जो आकडा होता तो आणि हातात पडला तो यात फरक होता, आणि तो फरक कुठे गेला हे विचारायचं नसतं असं मला ज्या सरांनी प्रेमाने समजावलं ते थेट जरीलातून उठून आल्यासारखे होते. त्या रात्री पुस्तक पुढे वाचवेना, कारण उद्या परत त्याच स्टाफरूममध्ये जायचं होतं.

चिकित्सक
@खानदेशी_भरीत, चांगदेव आवडतो, पण त्याला आत्मशोध म्हणू नका राव. तो शोधत काहीच नाही, कंटाळला की राजीनामा देतो. चार कादंबऱ्या म्हणजे चार राजीनामे.

खानदेशी_भरीत
@चिकित्सक, राजीनामा देणं सोपं वाटतं का? कर्जाचे हप्ते सुरू असताना देऊन बघा.

चिकित्सक
मी दिलाय. असो.
माझा मूळ आक्षेप या सगळ्या प्रकारालाच आहे. मी ती मँटिकोर वाचलीय. बॉय स्टॉंटनचा मुलगा डेव्हिड, चाळिशीचा, टोरांटोतला नावाजलेला फौजदारी वकील, बाप मेल्यावर सैरभैर होतो आणि विमानात बसून जातो कुठे तर झुरिकला, युंग या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीने उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईकडे. वर्षभर राहून मन उसवत बसतो. आपल्याकडे बाप वारला की तेरावं होतं, सातबाऱ्यावर वारसनोंद होते आणि चौदाव्या दिवशी माणूस कामावर जातो. स्वतःला शोधायला आधी खात्यात पैसे लागतात. बापाच्या साखरेचे पैसे होते म्हणून हा स्वतःला सापडला.

मनकवडी
@चिकित्सक, थोडं थांबा. मी समुपदेशक आहे, रोज हेच काम करते, आणि माझ्याकडे येणारे सगळे साखरसम्राटांचे वारस नसतात. पैशाचा मुद्दा खरा आहे, महिन्यातून चार सेशन सगळ्यांना परवडत नाहीत. पण चौदाव्या दिवशी कामावर गेलेल्या माणसाचं पंधराव्या वर्षी काय होतं ते पण बघते मी.

मँटिकोरबद्दल माझं मत: थेरपी म्हणून ती अर्धीच खरी आहे. डॉ. फॉन हालर बाई डेव्हिडला फार समजावून सांगतात, हा तुझा शॅडो (दडवलेली बाजू), ही तुझी अॅनिमा (मनातली स्त्री), हा पर्सोना (जगाला दाखवायचा मुखवटा), म्हणजे बरण्यांना चिठ्ठ्या लावल्यासारखं. प्रत्यक्षात आम्ही असं लेक्चर देत नाही, निदान देऊ नये. पण डेव्हिडची टाळाटाळ मात्र लेखकाने इतकी अचूक पकडलीय! तो पहिल्या दिवसापासून स्वतःच्या आयुष्याची केस तयार करून आल्यासारखा बोलतो. लहानपणापासून त्याच्या डोक्यात एक कोर्ट भरतं, तोच आरोपी, तोच वकील, तोच जज्ज. वकील आणि इंजिनियर मंडळी पहिल्या भेटीला अगदी अशीच येतात, सगळं मुद्देसूद, तारखांसकट, आणि रडू कुठे येतं ते विचारलं की "त्याचा इथे काय संबंध" म्हणतात. मग मधेच तो डॉक्टरबाईंच्या प्रेमात पडतो. हसू नका, ट्रान्सफरन्स म्हणतात त्याला, नेहमीची गोष्ट आहे आणि बाई ती ज्या शांतपणे हाताळतात ते शिकण्यासारखं आहे.

पुस्तकाचं नाव त्याच्या एका स्वप्नावरून आहे. सिंहाचं अंग, विंचवाची नांगी आणि माणसाचं तोंड असलेला प्राणी, त्याला साखळीने धरून एक बाई चाललीय. आणि त्या प्राण्याचं तोंड डेव्हिडचंच.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या घरमालकाचं वर्णन करून राहिल्या का ताई?

ढगातला_गणू
इंजिनियरवर आल्याबद्दल निषेध. (तारखांसकट नोंदवला आहे.)

तिसरी_घंटा
धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाला कोणी धड उत्तर देत नाहीये म्हणून मी देतो. मी वर्ल्ड ऑफ वंडर्सच आधी वाचली होती, आणि काही बिघडलं नाही. उलट मजा आली.

कारण ती खरं तर नाटकवाल्या माणसाची कादंबरी आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेला पॉल दहा वर्षांचा असताना गावच्या जत्रेत एक जादूगार त्याला पळवून नेतो. फिरत्या खेळात तो वाढतो, पत्ते खेळणारा अब्दुल्ला नावाचा एक यांत्रिक बाहुला असतो त्याच्या पोटात बसून हातचलाखी करतो, पुढे इंग्लंडला जाऊन सर जॉन ट्रिसाइझ नावाच्या जुन्या वळणाच्या नटाच्या कंपनीत त्याचा डबल म्हणून काम करतो, आणि शेवटी मॅग्नस आयझेनग्रिम नावाचा जगप्रसिद्ध जादूगार होतो. ही सगळी कथा तो एका फिल्मच्या शूटिंगच्या काळात रात्री जेवणं झाल्यावर दिग्दर्शक आणि मंडळींना सांगतो. ऐकणारे मधे मधे शंका काढतात, "हे तू आता रचून सांगतोयस" असं तोंडावर म्हणतात. कंपनीचे दौरे, मेकअपचा वास, मोठ्या नटाचं चालणं चोरायचं म्हणजे काय करायचं, हे इतकं आतलं लिहिलंय की लेखक विंगेत उभा राहिलेला माणूस आहे हे लगेच कळतं. डेव्हीज तरुणपणी लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात टायरोन गथ्री या दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करायचा. बायको पण तिथलीच, स्टेज मॅनेजर.

फिफ्थ बिझनेस हे नावही नाटकातलंच म्हणून दिलंय. नायक नाही, नायिका नाही, नायिकेची सखी नाही, खलनायक नाही, पण ज्याच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही तो पाचवा गडी. पुस्तकाच्या सुरुवातीला त्याबद्दल एका डॅनिश लेखकाचं अवतरण छापलंय. आणि ते अवतरण डेव्हीजने स्वतःच रचलेलं होतं! भलेभले फसले.

निर्विकार
@तिसरी_घंटा, चुकीचा सल्ला देताय. तिसऱ्याच्या शेवटी मॅग्नस त्या रात्रीबद्दल बोलतो. बॉय स्टॉंटन मेला ती रात्र. पहिल्या पुस्तकापासून टांगून ठेवलेलं रहस्य आहे ते, त्या शेवटच्या भेटीपासून तोंडातल्या दगडापर्यंत. मधलं पुस्तक सोडलं तर ते उत्तर नुसतं पोलिसी उत्तर होतं.

पंचगंगा
थांबा थांबा. तोंडात दगड??

ढगातला_गणू
स्पॉयलर!!! वर इशारा द्यायची पद्धत आहे इथे.

निर्विकार
१९७० सालची कादंबरी आहे. इशारा किती वर्षं द्यायचा असतो?

ढगातला_गणू
मी वाचेपर्यंत.

मेपलपान
अहो भांडू नका, ते पहिल्याच पुस्तकात येतं. १९६८ साली बॉयची गाडी टोरांटोच्या बंदरात पाण्यात सापडते, आत तो, आणि तोंडात तो दगड. तोच, १९०८ वाला. कोणी ठेवला ते मला पण अजून नीट कळलेलं नाही.
@तिसरी_घंटा मस्त माहिती. म्हणजे दोन मतं झाली, एक चालतं, एक नाही चालत. आता तिसरं कोणीतरी सांगा.

धाकटं_लंडन
मी लंडनला असते. ते लंडन नाही, ओंटारिओतलं. डेप्टफर्ड हे गाव नकाशात शोधू नका, डेव्हीजने स्वतःचं जन्मगाव थेम्सव्हिल त्यात वापरलंय. १९१३ चा जन्म त्याचा. आमच्याकडून चॅटमच्या बाजूला जाताना लागतं. सपाट जमीन, मका, सोयाबीन, लांबून दिसणारी चर्चची टोकं. आम्ही एकदा मुद्दाम हायवे सोडून आत शिरलो होतो तर नवरा म्हणे इथे काय बघायचंय. खरं आहे, बघायला काही नाही. पण पाच वेगवेगळ्या पंथांची चर्चं एवढ्याशा गावात आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते माहीत, हे पुस्तकातलं वातावरण तिथे उभं राहिलं की पटतं. जाता जाता, १८१३ च्या लढाईत टेकम्से हा शॉनी नेता पडला तो याच भागात. डेव्हीजच्या गावात मात्र ती माणसं फारशी दिसत नाहीत, ते मला खटकतं.

बीटाच्या साखरेचं पण खरं आहे, त्या पट्ट्यात बीट व्हायचं. @पंचगंगा यांनी दौरा काढावा.

पंचगंगा
अभ्यासदौरा. संचालक मंडळासकट. खर्च सभासदांचा.

अवनी_क
उशिरा आले धाग्यावर. सगळ्यांचं वाचलं, आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून आश्चर्य वाटलं.

तीन पुस्तकं, तीन निवेदक. रॅमसे आपल्या हेडमास्तरांना पत्र लिहितो, डेव्हिड डॉक्टरांसाठी वही लिहितो, मॅग्नस फिल्मवाल्यांना गोष्ट सांगतो. तिघे पुरुष. ज्या बाईच्या डोक्यात दगड बसला ती कुठे बोलते? मेरी डेम्पस्टरला नवरा घरात दोरीने बांधून ठेवतो, मग ती मावशीकडे, मग वेड्यांच्या इस्पितळात, आणि तिथेच संपते. रॅमसे तिला संत मानतो, तिने तीन चमत्कार केले म्हणतो, तिच्यासाठी संतचरित्रांचा अभ्यास करत युरोप पालथा घालतो. तिला काय वाटत होतं ते त्याला पण माहीत नाही. बॉयची पहिली बायको लिओला, तिची पण तीच कथा, नवऱ्याच्या चढत्या संसारात नटून बसायचं आणि कमी पडते म्हणून बोलणी खायची. मॅग्नसची साथीदार लीझल ही एकटी बाई ठणकावून बोलते, रॅमसेला त्याचं त्याने न जगलेलं आयुष्य तोंडावर मोजून दाखवते, पण गोष्ट सांगायची पाळी तिच्यावर पण येत नाही.

म्हणून मला या प्रकारात बंगाली लेखिका आशापूर्णा देवींच्या तीन कादंबऱ्या जास्त जवळच्या वाटतात. प्रथम प्रतिश्रुति (१९६४), सुवर्णलता (१९६७), बकुळकथा (१९७४). पहिलीसाठी पुढे १९७६ चं ज्ञानपीठ मिळालं. सत्यवती, तिची मुलगी सुवर्णलता, तिची मुलगी बकुळ. सत्यवतीची गोष्ट बकुळच्या वहीतून येते, म्हणजे नात आजीला शोधतेय. सुवर्णलताला घराला एक गच्चीसारखी बाल्कनी हवी असते, रस्ता दिसावा म्हणून, आणि त्या एका बाल्कनीसाठी किती पानं जातात! झुरिकला जायला नको, घरातल्या घरात माणूस किती लांब जातं ते बघा. मेपलपान, आईला हेच दे. मी हिंदीतून वाचल्या.

मनकवडी
@अवनी_क +१००. सुवर्णलता वाचून माझी आजी दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती.

खानदेशी_भरीत
अवनीताई, मुद्दा मान्य, चांगदेवला पण लागू. चार कादंबऱ्या आणि बायका कायम दुसऱ्या खोलीत. पण एक सांगतो, तिथे निदान तो त्यांना संत करत नाही.

चिकित्सक
अवनी यांचा मुद्दा चांगला आहे पण मी उलट वाचतो. ती बोलत नाही हीच त्या तीन पुस्तकांची गोम आहे. तिघेही तिच्याभोवती आपापली गोष्ट रचतात आणि वाचकाला हळूहळू कळतं की यातलं कुणाचंच धरता येत नाही. रॅमसेचं पुस्तक एकटं वाचलं की तो सज्जन वाटतो. मँटिकोरमध्ये तोच माणूस डेव्हिडच्या नजरेतून येतो, लाकडी पायाचा, तिरकस बोलणारा, घरात कायम येऊन बसणारा मास्तर, आणि डेव्हिडला तर हा आपला खरा बाप असावा असा संशय. पहिल्या पुस्तकात रॅमसेने हे सांगितलंय का? नाही. कारण त्याला माहीतच नाही की तो दुसऱ्याच्या घरात असा दिसतो.

मला आत्मशोध या शब्दाची चीड आहे ती यासाठी. आरशासमोर बसून होत नाही तो. दुसऱ्याच्या तोंडून आपली गोष्ट ऐकायची तयारी लागते. आणि म्हणून, हे मी नाइलाजाने म्हणतोय, मधलं पुस्तक सोडू नका. झुरिकसकट वाचा.

ढगातला_गणू
चिकित्सक नाइलाजाने सहमत झाले, याचा स्क्रीनशॉट काढला आहे.

तिसरी_घंटा
@चिकित्सक, यात पॉलला विसरताय. दगडाचे तीन वारसदार आहेत. फेकणारा विसरला, चुकवणाऱ्याने पेपरवेट केला. आणि पोटातल्या पोराला काय मिळालं? त्याचा बाप, तो पाद्री, त्याला रोज प्रार्थना करायला लावायचा की तुझ्या जन्मापायी आईचं डोकं गेलं, देवाकडे क्षमा माग. ज्याचा काडीचा संबंध नव्हता त्याच्या गळ्यात सगळा गुन्हा. रॅमसे तीनशे पानं स्वतःची टोचणी उगाळतो त्यात हे एकदाच येतं आणि झटकन निघून जातं. मॅग्नसच्या तोंडून त्याचं बालपण ऐकलं की रॅमसेच्या टोचणीचा थोडा रागच येतो, चैन वाटते ती.

इथे एक इशारा मात्र खरोखर द्यायला हवा: तिसऱ्या पुस्तकात त्या मुलावर जादूगाराकडून लैंगिक अत्याचार होतात आणि ते वर्षानुवर्षं चालतं. फार तपशील नाहीत पण सुन्न व्हायला होतं. झोपण्यापूर्वी वाचू नका.

मनकवडी
हे लिहिलंत ते बरं केलंत. आणि पुढे तोच मुलगा मोठा होऊन त्या व्यसनी, खंगलेल्या जादूगाराला सांभाळतो, म्हणजे जिवंत ठेवतो, आणि त्यात सूड किती आणि दुसरं काय किती हे लेखक सांगत नाही. तो भाग मी तीनदा वाचलाय.

वऱ्हाडी_ठेचा
बाप्पा, मी बीटाच्या भावासाठी आलतो आन् इथं काय काय निघून राहिलं.

शेवंताबाई
आमच्या वेळी शरदबाबूंचा श्रीकांत चार भागांत वाचायचो. वरेरकरांनी शरदबाबूंना मराठीत आणलं तेव्हापासून घरोघरी. तो पण जन्मभर फिरतोच की, ब्रह्मदेशापर्यंत, आणि शेवटी राजलक्ष्मीपाशी येऊन पोचतो आणि तरी पोचत नाही. हल्ली कोणी नाव काढत नाही. बाकी चर्चा छान, डोळ्यांना त्रास होतो म्हणून तुकड्यातुकड्यात वाचली.

अवनी_क
शेवंताबाई, श्रीकांतचं नाव यायलाच हवं होतं. आणि विभूतिभूषणांचा अपू पण, पथेर पांचाली आणि अपराजितो या कादंबऱ्यांतला. सगळे सिनेमाच बघतात.

धाकटं_लंडन
@मेपलपान, तुझा लायब्ररीचा घोळ साधा आहे, तिन्ही कादंबऱ्या एकत्र असलेली पेंग्विनची आवृत्ती निघालीय, डेप्टफर्ड ट्रिलजी याच नावाने. लायब्ररीत वेगळी नोंद असते, सुटं पुस्तक शोधलं की ती दिसत नाही. तिला रांग कमी असते बहुतेक.

मेपलपान
धाकटं_लंडन, मिळाली!!! रांगच नव्हती. जाडजूड आहे, अक्षर मुंगीएवढं. मँटिकोरला सुरुवात केलीय आणि ते थिएटरचं प्रकरण आलं. बॉय मेल्यानंतर मॅग्नसच्या जादूच्या प्रयोगात पितळी डोकं प्रेक्षकांच्या प्रश्नांची उत्तरं देतंय आणि गर्दीतून डेव्हिड ओरडतो, बॉय स्टॉंटनला कोणी मारलं? रॉयल अलेक्झांड्रा थिएटर, किंग स्ट्रीटवरचं. मी रोज त्याच्यासमोरून स्ट्रीटकारने जाते! आता जाताना मान वळतेच.

आईला सुवर्णलता सांगितली तर म्हणाली ती मी तुझ्या जन्माआधीच वाचलीय, चांगदेव पाठव. तेव्हा @खानदेशी_भरीत, चारही भाग मागवतेय.

खानदेशी_भरीत
आईंना नमस्कार सांगा. बिढार वाचताना पहिल्या शंभर पानांत इतके मित्र येतात की कोण कोण ते लक्षात राहत नाही, तेव्हा कंटाळा करू नका म्हणावं. पुढे ते सगळे गळून पडतात.

निर्विकार
पितळी डोक्याने जे उत्तर दिलं त्यात पाच आरोपी आहेत. पहिला बॉय स्वतः, मग ओळखीची बाई, अनोळखी बाई, मनातली इच्छा पुरवणारा, आणि पाचवा त्याच्या सदसद्विवेकाचा आणि दगडाचा राखणदार. पाचवा कोण ते सगळ्यांना कळतं. दोन बायकांवर माझं आणि बायकोचं अजून एकमत नाही. ओळखीची म्हणजे दुसरी बायको डेनिस असं मी म्हणतो, तिलाच गव्हर्नरबाई व्हायचं होतं. बायकोचं म्हणणं लिओला.

अवनी_क
तुमची बायको बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे पण कारण वेगळं. डेनिसला बॉय ओळखतो असं तुम्हाला कुठे वाटलं? नवरा गेल्यावर त्याच्या चेहऱ्याचा साचा काढून घ्यायला निघालेली बाई ती. मँटिकोरमधलं अंत्यसंस्काराचं प्रकरण परत वाचा आणि मग सांगा.

निर्विकार
वाचतो. पण मग अनोळखी कोण, मेरी?

तिसरी_घंटा
मेरी कशी अनोळखी, एका गावात वाढलाय तो. सगळं डेप्टफर्ड तिला ओळखत होतं.

अवनी_क
ओळखत होतं?